पिवळं जाकीट

एकदा एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाच्या वृद्ध प्रशिक्षकांनी भलतंच काही केलं.

हंगामभर गावोगाव साखळी सामने खेळून त्यांचा संघ बाद फेरीत पोहोचला होता आणि तिथेही एकेका संघाला हरवत अंतिम सामन्यापर्यंत आला होता. श्रेय सगळे भार्गवला देत. भार्गव हा त्यांचा लाडका शिष्य. समोरचा खेळाडू कुठे वळणार, हे त्याला आधीच कळे. "मला प्रतिस्पर्ध्याचं मन वाचता येतं," असं तो एका पत्रकाराला म्हणालाही होता.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी सरावाला आल्यावर सरांनी त्याच्या हातात पिवळं जाकीट ठेवलं. ते जाकीट राखीव खेळाडूंचं. पुढच्या सामन्यात जो संघ समोर येणार, त्याच्या खेळाडूंची हुबेहूब नक्कल करत राखीवांनी मुख्य पाच जणांना सराव द्यायचा, अशी तिथली रीत होती.

"सर, मी?"

"तू. आज तू त्यांचा कप्तान. तुझ्या जागी दिगंबर खेळेल."

"या राजे, आमच्या पंगतीला!" एक राखीव खेळाडू हसला.

तो कप्तान डावखुरा. भार्गवच्या डाव्या हातातून चेंडू पुन्हा पुन्हा निसटू लागला. एरवी ही नक्कल करणारा राखीव दिगंबर ओरडला, "अरे, तो आधी खांदा पाडतो, मग वळतो! तू आपलाच खेळ खेळतोयस."

शेवटी भार्गव जाकीट काढून सरांकडे गेला. "उद्या मला बसवणार असाल तर आत्ताच सांगा. आई-बाबा पहिल्यांदाच सामना बघायला येतायत. त्यांना येऊ नका म्हणतो."

सरांनी त्याच्या हातातलं जाकीट घेऊन आधी शांतपणे त्याची घडी घातली. (मोठ्या माणसांना हे जमतं. मी असते तर एका दमात सगळं सांगून वर रडलेही असते.)

"येऊ दे त्यांना," सर म्हणाले. "उद्या पहिल्या मिनिटापासून तूच खेळशील. पण बाळा, तू मन वाचत नव्हतास. तू सामन्यात ज्याला भेटायचास, त्याला सरावात आधीच भेटलेला असायचास. दिगंबर दर आठवड्याला स्वतःचा खेळ बाजूला ठेवून कोणा दुसऱ्याचा अंगावर चढवतो. ते किती अवघड आहे, हे मी सांगून तुला कळलं नसतं."

भार्गवने जाकीट पुन्हा घातलं आणि सराव संपेपर्यंत काढलं नाही.

अंतिम सामना त्यांनी जिंकला. चषक झाला, फोटो झाले, भार्गवच्या आईचं रडून झालं. प्रेक्षागृह रिकामं होऊ लागलं, तेव्हा भार्गव चेंडू घेऊन दिगंबरपाशी आला.

"दिगू, तुझा स्वतःचा खेळ कसा आहे रे? मी कधी पाहिलाच नाही."

दिगंबर आधी हसला. मग त्याने चेंडू हातात घेतला आणि बराच वेळ नुसता उभा राहिला, आठवत असल्यासारखा.

सरांनी दिवे मालवायला आलेल्या माणसाला हाताने थांबवलं.

माझ्या लेकीला सांभाळायला सासूबाई रोज येतात, म्हणून माझ्या हातून चार ओळी लिहून होतात. त्यांना काय करायला आवडतं, हे आज विचारते.