बायजाआजीची घोडी

एकदा काय झालं, जगातली सगळी बटणं मेली. दाबलं तरी दिवा लागेना, पंखा फिरेना. मोटारी जागच्या जागी गंजल्या, शहरं ओस पडली. मग जो तो पाणी शोधत निघाला. तसाच एक केरबा निघाला. बरोबर बायको सगुणा आणि लेक चिमी. पुढं नुसता माळ, कुसळं आणि वारा.

चालून चालून सगुणाचे पाय सुजले. चिमीला तर उभंच राहवेना. केरबा पाणी बघायला पुढं गेला, तर एका झोपडीबाहेर तांबडी घोडी बांधलेली. जवळपास कुणी नाही. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि सोडली की घोडी. बायकोला म्हणाला, मोकाट सापडली. माणूस चांगला होता, बरं का. पण पोर रडायला लागलं की चांगल्याचीही मती फिरते.

मग लागली पहिली वस्ती. केरबा पुढं जाऊ बघतो, तर घोडी आपणहून एका दारात उभी. आतून बाई धावत आली. म्हणाली, ही तर बायजाआजीची घोडी, तुम्ही आजीची माणसं ना? बायजाआजी म्हणजे त्या माळावरची सुईण. दवाखाने बंद पडल्यापासून सगळी बाळं तिच्याच हातावर आलेली. बाईनं गरम भाकरी वाढली. केरबा हो म्हणाला खरा, पण आपली भाकरी त्यानं चिमीपुढं सरकवली.

मग दुसरी वस्ती. तिथंही घोडी थांबली. लोकांनी सगुणाच्या पायाला लेप लावला, चिमीला दूध दिलं. आजी बरी आहे ना, विचारलं. केरबानं खाली मान घालूनच हो म्हटलं. सगुणानं एकदा घोडीकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं. केरबाला ते बघणंच जास्त लागलं.

मग तिसरी वस्ती. इथं विहिरीला पाणी, रान हिरवं. इथंच राहावं, असं तिघांनाही वाटलं. पण घोडी दिसताच महिपती नावाचा तरणा गडी पळत आला. त्याची बायको अडली होती. तो घोडीच्या मागं वाटेकडं बघू लागला.

"आजी कुठंय?"

केरबाला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. चिमी बापाकडं टकामका बघत होती. शेवटी लेकीदेखत तो म्हणाला, "घोडी मी चोरलीय. आजी मागंच राहिली."

कुणी मारलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. केरबा घोडीवर बसला आणि मागं सुटला. बघतो तर निम्म्या वाटेवर आजी काठी टेकत येतेय. महिपतीच्या बायकोचे दिवस भरलेत हे तिच्या ध्यानात होतं. घोडी नाही तर पायी निघाली. टाचांतून रक्त येत होतं. केरबानं उडी टाकली आणि तिचे पाय धरले.

आजी म्हणाली, "पाया नंतर पड. आधी मला वर बसव."

दिवस मावळायच्या आत महिपतीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. केरबा मात्र कुंपणाबाहेर तोंड लपवून बसलेला. मग आजी बाहेर आली आणि तिनं लगाम त्याच्याच हातात दिला. "माझ्या टाचा फुटल्यात. आता घोडी धरून तूच मला गावोगाव न्यायचंस."

गावानं तिघांना घर दिलं, विहिरीचं पाणी दिलं. केरबा जन्मभर त्या घोडीपुढं चालला. नव्या दारात गेला की आधी सांगायचा, ही मी चोरली होती. दर वेळी कान लाल व्हायचे त्याचे, पण सांगायचा.

सगळी सुखानं नांदली. आता तुम्हीही पांघरूण घ्या बघू, आणि डोळे मिटा.