मागून हाक

एका दर्याकाठच्या गावात एक कोळीण राहत होती. घरात नवरा आणि म्हातारी सासू. कोळीण मोठी भाविक. कार्तिक लागला की पहाटे आंघोळ करायची, पुळणीवरच्या उंचवट्यावर असलेल्या देवीच्या देवळात दिवा लावायची आणि म्हणायची, "आई, दर्यावर गेलेला घरी येऊ दे. मला दुसरं काही नको."

त्या गावाची एक रीत होती. होडी पाण्यात लोटली की मागून हाक मारायची नाही. निघालेल्याला हाक मारली की अपशकुन होतो, असं सगळे मानत. बायका पुळणीवर उभ्या राहत, पण तोंड मिटून. आणि पुरुष कधी "जातो" म्हणत नसत. "येतो" म्हणत.

एके दिवशी कोळीण दिवा लावायला गेली, तर देवळाच्या पायऱ्यांवर खेकडे, कुर्ल्याच कुर्ल्या. दर्यातून निघून थेट उंबऱ्यापर्यंत चढल्या होत्या. वारा पडलेला, माडाचं पातं हलत नव्हतं, आणि लाटा मात्र लांबून येऊन धाडधाड आपटत होत्या. कोळीण पायरीशीच थबकली. तिचा सासरा हयात होता तेव्हा म्हणायचा, "कुर्ली देवाच्या दारी आली, म्हणजे तिला दर्याचं भय वाटलं. तिथे माणसाचा काय पाड?"

ती धावत खाली आली. गावात पहिली होडी तिच्याच नवऱ्याची निघायची. होडी पाण्यात गेलीसुद्धा होती. "येतो ग!" म्हणून त्याने हात हलवला आणि तोंड फिरवलं. कोळणीने हाक मारायला ओठ उघडले, तोच सासूने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"अग, काय करतेस? निघाल्या नवऱ्याला हाक मारतेस? देवाधर्माची बाई ना तू?"

"आत्याबाई, पायऱ्यांवर कुर्ल्या आल्यात."

"आल्या असतील देवीच्या पाया पडायला. तू गप बस."

कोळीण गप बसली. परका माणूस असता तर तिने हाक मारलीही असती. पण स्वतःच्याच कुंकवाला अपशकुन कसा करायचा? जिथे जीव जास्त, तिथे भीतीही जास्त. वल्ह्यांच्या जोरावर होडी लांब गेली, शीड लहान लहान होत गेलं.

मग बाकीच्या होड्या निघाल्या. इतक्यात दर्याची कड तांब्याच्या जुन्या भांड्यासारखी काळवंडली. कोळणीला राहवेना. 'माझ्या एकीच्या कुंकवापायी मी तोंड मिटलं. पण या साऱ्याजणींच्या कुंकवाचं काय?' ती गुडघाभर पाण्यात धावली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "माघारी या रे! माघारी या!"

पुळणीवर एकच गलका झाला. "अग कैदाशिणी, स्वतःचा धनी नीट पाठवलास आणि आमच्याच वाटेत आडवी आलीस?"

पुढची होडी हाकणारा एक म्हातारा तांडेल कपाळावर हात मारून म्हणाला, "झालं! शकुन मोडला. आज कसली मासळी मिळतेय? वळवा रे होड्या!"

अपशकुनाच्या भीतीने होड्या वळल्या. एक एक होडी काठाला लागली, आणि कोळणीच्या मनात लख्ख उजेड पडला. मी हाक मारली असती, तर तोही असाच वळला असता. शिव्या देत का होईना, वळला असता. ती त्याच्या नावाने ओरडत सुटली. पण शीड आता नखाएवढं उरलं होतं. तिथे हाक कशी पोचणार?

दुपारी वादळ आलं. कौलं पाचोळ्यासारखी उडाली, माड मोडले, दर्या चुलीपर्यंत शिरला. सारं गाव देवीच्या देवळात एकमेकांना धरून बसलं. सकाळी पाहिलं तर एक घर धड नव्हतं. पण माणसं सगळी होती. फक्त एक नव्हता.

दर्याने चार फळ्या तेवढ्या परत दिल्या. सासू त्या फळ्यांवरून हात फिरवत म्हणाली, "तुझ्या तोंडावर हात मी ठेवला ग. पाप माझं."

कोळीण म्हणाली, "हात तुमचा होता, आत्याबाई. तोंड तर माझंच होतं ना?"

दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. संध्याकाळी कोळीण उठली, तेलवात घेऊन निघाली. सासूने विचारलं, "आता कोणासाठी ग?"

"जो अजून दर्यावर आहे त्याच्यासाठी. आणि जे उद्या जातील त्यांच्यासाठी."

दिवस गेले. घरं उभी राहिली, होड्या सांधल्या. पुन्हा दर्यावर जायचा दिवस आला. बायका सवयीने तोंड मिटून उभ्या. पहिली होडी म्हाताऱ्या तांडेलाची. ती पाण्यात जाते न जाते तोच मागून खणखणीत हाक आली, "थांब रे!"

सगळे दचकले. हाक सासूची होती.

"काय वहिनी?" तांडेल वळला.

"आभाळ बघितलंस?"

"बघितलं."

"आणि पायऱ्या?"

"त्याही बघितल्या, बाई. एकही कुर्ली नाही."

"मग ये जाऊन," सासू म्हणाली. कोळणीने पदर डोळ्यांना लावला.

तेव्हापासून त्या गावात मागून हाक आल्याशिवाय होडी निघत नाही. त्या गावाची माणसं जशी काठाला लागली, तशी दर्यावर गेलेली सगळ्यांची माणसं काठाला लागोत.

तात्पर्य: जीव वाचवणारी हाक कधी अपशकुनी नसते. आणि ज्याच्यावर माया जास्त, त्याला ती आधी मारावी.