आवडूमायची फळी

माझ्या मुलाला, मिहिरला, झटका आला तेव्हा भर दुपारी मी न्हाणीघरात होते. भांडं पडल्याचा आवाज आला म्हणून अंगाला कसाबसा गाऊन अडकवून तशीच बाहेर धावले. तो जमिनीवर पडला होता आणि त्याचे दोन्ही डोळे एका बाजूला ओढले गेले होते. कोपऱ्यात जाऊन तिथेच थरथरत होते, कुणी खेचावं, सोडावं, परत खेचावं तसे. मी त्याला कुशीवर वळवलं आणि डोळे जिकडे गेले होते तिकडे जाऊन बसले. तिकडेच का बसले, ते पुढे येईल.

नीट शुद्धीवर आल्यावर बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "तिकडे एक बाई होती. ओली. केस सोडलेली. माझ्याकडेच बघत होती."

त्यानंतर माझी झोप गेली.

डॉक्टर म्हणाले, झटक्यात डोळे आपोआप फिरतात, मेंदूच फिरवतो, तिकडे काही असतं म्हणून नाही. कुठल्या बाजूला फिरले तेवढं सांगा, आम्हाला उपयोग होतो. मी ठामपणे "उजवीकडे" म्हणाले आणि जिना उतरताना विचार करत राहिले की माझी उजवी की त्याची. एमएस्सी झालेल्या बाईची ही कथा. ओल्या बाईचं तर मी त्यांना सांगितलंच नाही. हसतील म्हणून नव्हे. हसले नाहीत तर काय, म्हणून.

मग एका संध्याकाळी औषध घेताना मिहिरनं विचारलं, "असं आणखी कुणाला होतं का गं?" तेव्हा मी त्याला माझ्या आजोळची, वेळशीची गोष्ट सांगितली. सहा वर्षांच्या मुलाला सांगावी की नाही, मला अजून कळलेलं नाही.

फार वर्षांपूर्वी वेळशीच्या खाडीवर पूल नव्हता. पलीकडे जायला एकच होडी होती आणि ती वल्हवायला आवडू नावाची एकच बाई होती. नवरा खाडीतच गेलेला, मूलबाळ नाही. तोंडानं फटकळ. पण तिच्या होडीत कधी कुणाचा पाय भिजला नाही, असं म्हणतात.

त्याच गावात शेवंती नावाची एक मुलगी होती. तिला फेफरं यायचं. अंग ताठ व्हायचं, हात झटकायचे, आणि मग तिचे डोळे डावीकडे वळायचे. अंगाचे झटके थांबले तरी डोळे तिकडेच अडकून राहायचे, पापण्या फडफडत राहायच्या. जणू दारात कुणी उभं आहे आणि ते फक्त तिलाच दिसतंय.

एकदा ते डोळे गोठ्याकडे वळले आणि आठवड्याभरात म्हैस मेली. एकदा ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे वळले, तो पावसाळ्यात गेला. म्हातारा आधीपासूनच आजारी होता, पण हे कोण लक्षात ठेवतो? गावानं ठरवून टाकलं. शेवंतीचे डोळे वळले की लोक भांडीकुंडी टाकून दुसऱ्या बाजूला पळायचे. तिच्या नजरेच्या वाटेत कोंबडंसुद्धा राहू द्यायचे नाहीत.

शेवटी देवाचा कौल लावणाऱ्या घाडीला बोलावलं. तो म्हणाला, "हिच्या डोळ्यांका जा दिसता, ता गावाक घेवन जातला. पलीकडच्या राईत न्हेवन सोडा."

राईत सोडलेलं कुणी परत आलं नव्हतं.

म्हणून एका सकाळी शेवंतीला होडीत बसवलं. बरोबर तिची आई आणि गावचे चार बापये. आवडू वल्ही मारत होती. खाडीचं पाणी त्या दिवशी शाईसारखं काळं होतं, आणि एकही बगळा दिसत नव्हता, असं म्हणतात.

मध्यावर आल्यावर शेवंतीचे हात ताठ झाले. ती होडीच्या तळाशी पडली. आणि डोळे वळले, डावीकडे.

सगळे उठून उजवीकडे पळाले.

तिची आईसुद्धा पळाली. इथे सांगणारे आवाज खाली आणतात. मिहिरला सांगताना मी हे वाक्य गाळणार होते. पण गाळलं असतं तर मला पुढचं सांगता आलं नसतं.

होडी उजवीकडे कलली. काठावरून पाणी आत आलं, शेवंतीच्या केसांपर्यंत.

"अरे, एका बाजूक खय धावतास? होडी उलाटतली!" आवडू ओरडली. "कोणीतरी डाव्या फळीर बसा!"

"तिच्या नदरेत कोण बसतलो गो?" एक जण म्हणाला. "तूच बस. तुका रडणारा कोण आसा?"

आवडूनं एकदा पाण्याकडे बघितलं. एकदा त्या रिकाम्या फळीकडे बघितलं. तिला काही ठाऊक नव्हतं, ना रोग, ना औषध. तिला होडी तेवढी कळत होती. आणि तीही बाकीच्यांइतकीच घाबरली होती.

"बसतंय मी," ती म्हणाली. "पण आता कोण हललास तर ह्याच वल्ह्यान टकली फोडतलंय."

ती डाव्या फळीवर जाऊन बसली. होडी सरळ झाली. मग तिनं वाकून शेवंतीचं डोकं पाण्यातून उचललं, तिला कुशीवर वळवून मांडीवर घेतलं, आणि जिथे आजवर कुणी बघितलं नव्हतं तिथे, त्या थरथरणाऱ्या डोळ्यांत बघितलं.

"मी हंय आसंय गो," ती म्हणाली. मी इथे आहे. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली.

वल्ह्यांना हात लावायला कुणी नव्हतं. तरी होडी आपणहून फिरली आणि ओहोटीच्या उलट वेळशीकडे निघाली, असं म्हणतात. भरती लागली असेल, वारा असेल. हे मला कळतं, आणि गोष्ट सांगताना कळेनासं होतं.

किनारा जवळ आला तेव्हा शेवंतीचे डोळे सैल झाले. हळूहळू मधोमध आले. समोर आवडूचा चेहरा होता.

"आवडूमाय," ती म्हणाली, "तू रडतंस कित्याक?"

तेव्हा कुठे तिची आई उठली आणि डाव्या फळीवर येऊन बसली. राईचं नाव मग कुणी काढलं नाही.

गाव मात्र आवडूच्या मरणाची वाट बघत राहिलं. रोज सकाळी कुणीतरी धक्क्यावर डोकावून जायचं. ती खालून ओरडायची, "आज नाय रे मेल्यांनो! उद्या येवा!" असं करता करता डोकावणारे एकेक करून गेले आणि आवडू राहिली. शेवंतीचं फेफरं काही थांबलं नाही. पण तिचे डोळे वळले की आता कुणीतरी तिकडे जाऊन बसायचं.

आवडूमाय कशी गेली हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. एका सकाळी होडी एकटीच धक्क्याला लागली. रिकामी होती, पण डावीकडे कललेली. कुणीतरी तिथे बसलं असावं तशी.

आता खाडीवर पूल आहे, एसटी जाते. तरी वेळशीत नवी होडी पाण्यात सोडली की डाव्या फळीवर पहिला नारळ आवडूमायचा. आणि कुणाला झटका आला तर वेळशीची माणसं कांदा हुंगवत नाहीत, चप्पल आणत नाहीत, तोंडात काही घालत नाहीत. कुशीवर वळवतात. मग एक जण डोळे गेले असतील त्या बाजूला जाऊन बसतो आणि म्हणतो, "मी हंय आसंय."

गोष्ट संपली. आता मिहिर विचारणार, ती मुलगी पुढे मेली का, तिची आई का पळाली, तू पळशील का. मी सगळी उत्तरं तयार करून बसले होते, आणि त्यातलं एकही मला पटत नव्हतं.

मिहिर माझ्या चष्म्याकडे बघत होता.

"आई," तो म्हणाला, "पुढच्या वेळी तिकडे बसशील ना, तेव्हा चष्मा घालून बस. आणि केस पूस. मला कळलंच नाही ती तू होतीस."