अकरा दिवसांची राजकन्या

एका राज्यात एक राजकन्या होती, आणि ती गेली एकवीस वर्षे अकरा दिवसांची होती.

कुणी म्हणेल, हे कसे व्हावे? ते असे झाले. राजाचे नाव भद्रसेन, राणीचे नाव मीनावती. राणी होती मिठागराच्या मुखियाची लेक. राजवाड्यात आली, रेशीम नेसली, पण समुद्राच्या बाजूची खिडकी तिने कधी लावू दिली नाही. तिला मुलगी झाली. अकराव्या दिवशी दिवेलागणीला राणीने पाळण्याची दोरी ओढत एक पाळणा म्हटला, दोरी हातातून सुटली आणि राणी गेली. दुसऱ्या दिवशी बारसे होते. घुगऱ्या भिजत घातल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

राणीचा आवाज अजून खोलीत तरंगत होता. राजाने शोकाच्या भरात स्तंभनाथाला बोलावणे धाडले. स्तंभनाथ म्हणजे वाहते थांबवणारा जादूगार. त्याने धबधबे थांबवले होते, वावटळी थांबवल्या होत्या, एकदा तर रागावलेल्या हत्तीला सोंड वर असतानाच थांबवले होते. राजा म्हणाला, "हे गाणे काळाला शिवू देऊ नकोस. हे अजरामर कर."

"करीन," स्तंभनाथ म्हणाला. त्याने तरंगता आवाज एका पांढऱ्या शंखात भरला, शंख पाळण्याच्या दांडीला बांधला, आणि विडा घेऊन निघून गेला.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला शंखातून राणी गाऊ लागली.

निजले पाणी, निजला वारा,
निजला मिठाचा ढीग सारा,
निजली चांदणी बांधावरती...

इथे राणी एका श्वासाइतकी थांबे. मग शेवटची ओळ येई, "आता तूही नीज गं."

गाण्याला काळ शिवला नाही. पण ज्या बाळासाठी ते गाणे होते, त्यालाही शिवला नाही. पाळण्यातली लेक वाढेना. दूध पिई, रडे, झोपे, आणि सकाळी पुन्हा अकरा दिवसांची असे. बारावा दिवस उगवला नाही, म्हणून बारसे झाले नाही. बारसे झाले नाही, म्हणून नाव पडले नाही. दरबाराने मात्र त्या शंखाची मोठी प्रतिष्ठा वाढवली. तो वाजताना सगळ्यांनी हात जोडून उभे राहायचे. तिसऱ्या ओळीनंतरच्या त्या विसाव्याला पंडितांनी 'महामौन' असे नाव दिले. त्या क्षणी राजापासून पाणक्यापर्यंत सगळ्यांनी मान लववून श्वास रोखायचा. कुणी शिंकला तर त्याला वेशीबाहेर काढत.

हे सारे मुकाट्याने बघत होती राजाची धाकटी बहीण, वेणुमती. ती बाळाची आत्या. आपल्यात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. वेणुमतीने नाव ठरवले होते, त्या बाराव्या दिवसासाठी. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आता चाळीस झाली. लग्नाच्या दोन मागण्या आल्या, दोन्ही तिने परत धाडल्या. "आधी नाव सांगते, मग बघू," असे म्हणे. हल्ली तिला एकाच गोष्टीची भीती वाटे. आपण मरून जाऊ, नाव आपल्याबरोबर जाईल, आणि लेक अशीच बिननावाची पाळण्यात राहील. ही भीती तिने कुणाला सांगितली नाही, फक्त खिडकीत येणाऱ्या साळुंकीला सांगितली.

साळुंकी बोलकी होती आणि तोंडाळही होती. ती म्हणाली, "आत्याबाई, रडून शंख फुटता तर एव्हाना समुद्रातले सगळे फुटले असते. ज्याने बांधले त्याला विचारा."

वेणुमतीने भावाला विचारले, "दादा, जाऊ?"

राजाने शंखाकडे पाहिले. "जा. पण वेणू, तिचा आवाज..." एवढेच बोलला. त्याला लेकही वाढायला हवी होती आणि आवाजही राहायला हवा होता, आणि दोन्ही मागण्याची त्याला लाज वाटत होती.

स्तंभनाथ एका थांबलेल्या धबधब्यामागे राहत असे. वेणुमती साळुंकीला घेऊन तिथे गेली आणि तिने नमस्कार करून हकीकत सांगितली.

"राजाने जे मागितले ते मी दिले," तो म्हणाला. "आणखी काय थांबेल, हे त्याने विचारले नाही."

"शंख फोडला तर?"

"बाहेरून फोडलात तर बाळाचा श्वासही तिथेच थांबेल. आणि माझा शंख रिकामा राहत नाही. काळ न शिवलेले दुसरे गाणे आणून द्या, मी हे सोडतो. तीनदा जाता येईल. रिकाम्या हाती आलात तर पहिल्यांदा केसांचा काळा रंग घेईन, दुसऱ्यांदा गुडघ्यांचे बळ, तिसऱ्यांदा कंठ."

"कंठ गेला तर नाव कसे सांगू?"

"ते मला कसे ठाऊक असणार?" स्तंभनाथ म्हणाला. तो दुष्ट नव्हता, फक्त व्यवहाराला पक्का होता.

पहिल्या खेपेला वेणुमती काळकड्यावर गेली. तिथे हजार वर्षांपूर्वी यक्षांनी कातळात एक गाणे कोरले होते, आणि त्याचा काना-मात्रा अजून झिजला नव्हता. तिने कड्याला विनवले, "बाबा, हे गाऊन दाखव."

कडा खाकरला. दोन-चार दगड घरंगळले. "अक्षरे आहेत, पोरी. चाल मात्र गेली. शेवटचा गाणारा गेला तेव्हा मी त्याला हाकही मारली होती, पण आम्हा दगडांची हाक पोचायला शंभर वर्षे लागतात."

तरी तिने भूर्जपत्रावर अक्षरे उतरवून नेली. स्तंभनाथाने ती आपल्याजवळच्या, गाणी पारखायच्या दुसऱ्या शंखाच्या तोंडाशी धरली. शंख गप्प राहिला. वेणुमती बाहेर आली तेव्हा तिची वेणी कापसासारखी पांढरी झाली होती. साळुंकी तिच्या खांद्यावर येऊन बसली.

दुसऱ्या खेपेला ती बुडालेल्या नगराच्या तळघरात उतरली. तिथे शापित खजिना होता, आणि खजिन्यावर नाग होता. खजिन्यात सोन्याचा एक चंडोल होता, तो हजार वर्षे एकच गाणे एकाच चालीत गात आला होता.

"काय नेणार?" नागाने विचारले.

"एक गाणे."

"आणि माणके? कंठे? पुतळ्या?"

"नकोत."

नागाने सुस्कारा टाकला. "माणके मागितली असतीत तर मला तुम्हाला डसावे लागले असते. फार कंटाळा आला आहे त्याचा. न्या."

चंडोल स्तंभनाथापुढे गायला. सूर तसूभर हलला नाही, पण शब्द काही कळेना. ती बोली बोलणारे नगर कधीच बुडाले होते. गाणे लग्नाचे होते की मर्तिकाचे, हे वेणुमतीला कळेना, साळुंकीला कळेना, खुद्द चंडोलालाही सांगता येईना.

"गाण्याला काळ शिवला नाही," स्तंभनाथ म्हणाला, "ऐकणाऱ्यांना शिवला. तेही शिवल्यासारखेच झाले." परतताना वेणुमतीच्या हातात काठी होती.

आता एकच खेप उरली होती. ती वाटेवरच्या दगडावर बसली. "कुठे जाऊ गं आता?"

साळुंकीने पंख साफ केले. "आत्याबाई, एवढी जुनी गाणी धुंडाळलीत. घरचे कुठून आले ते विचारलेत का कधी?"

खरेच की! काखेत कळसा आणि गावाला वळसा. वेणुमती काठी टेकत राणीच्या माहेरी, मिठागरावर गेली.

मीठ उन्हात चकाकत होते, बांधांवर केतकीची बने होती. पहिल्याच खोपटाशी एक म्हातारी नातवंडाला झोळीत हलवत गात होती. ही भिवराबाई, राणीच्या आईची शेजारीण. वेणुमती दाराशीच थबकली. चाल तीच होती, राणीची. शब्द ऐकते तर, "निजली खेकडी बांधावरती."

"खेकडी?" वेणुमती न राहवून म्हणाली. "बाई, आमच्या राणीच्या पाळण्यात तिथे चांदणी आहे."

"चांदणी?" भिवराबाई हसली. तोंडात तीनच दात. "बांधावर चांदणी कशाला निजंल गं? मीनाच्या आईनं खेकडीच म्हटली, तिच्या आईनं म्हटली बगळी. पलीकडच्या आळीत म्हैस निजते. बांध मोडत नाही म्हशीनं, तेवढंच नवल! मीना राजवाड्यात गेली, तिथं कुठली खेकडी? खिडकीतनं चांदणी दिसली असंल, तिनं तीच निजवली."

वेणुमती मटकन उंबऱ्यावर बसली. ज्या गाण्यासाठी शिंकणाऱ्याला वेशीबाहेर काढले, ते राणीने स्वतःच बदलले होते, आणि तिच्या आईनेही. मग अजरामर ते काय? तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ज्या गाण्याचा घराघरात फेरफार होतो त्याला काळ न शिवलेले कसे म्हणायचे? आता कंठ जाणार, आणि नाव कंठातच राहणार.

म्हातारी पुन्हा झोळी हलवू लागली. "...निजली खेकडी बांधावरती, तुकाऽई, आता तूही नीज गं."

वेणुमतीने मान वर केली. "तुम्ही मध्ये काय म्हणालात?"

"नाव म्हटलं पोरीचं. तुकाई."

"तिथे तर महामौन असते."

"काय असतं?"

"वहिनी तिथे थांबायच्या. एक श्वास. आम्ही माना लववतो."

भिवराबाईने झोळी थांबवली. तिचा चेहरा मऊ झाला. "अगं लेकी, नावाची जागा हाय ती. बारसं झालं नसंल तर आई ती मोकळी सोडते. बारशाला आत्यानं तिथं नाव घालायचं. मीनानं तुझ्यासाठी सोडली होती ना ती जागा! आणि तुम्ही एकवीस वरसं तिच्यापुढं हात जोडून गप उभे राहिलात?"

वेणुमती हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करू लागली. साळुंकीनेही खोपटाच्या वळचणीला चोच घासत "महामौन, महामौन" असा पंडितांचा आवाज काढला.

ती स्तंभनाथाकडे परतली. "तिन्ही खेपा झाल्या," ती म्हणाली. "काळ न शिवलेले गाणे मिळाले नाही. असे गाणे नसतेच. जे माणसांच्या तोंडी असते ते बदलते, आणि जे बदलत नाही ते कुणाच्या तोंडी नसते."

"मग कंठ द्या."

"देते. पण आज दिवेलागणीला शंख वाजून संपेपर्यंत तो माझा."

स्तंभनाथाने विचार केला. अट नियमाबाहेरची नव्हती. "दिले," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी दरबार पाळण्याभोवती हात जोडून उभा होता. वेणुमतीने भावाला बाजूला घेतले. "दादा, आज वहिनींचा आवाज जाईल. नाव मी सांगणार आहे. नको म्हणालास तर थांबते."

राजाने पाळण्यात पाहिले. अकरा दिवसांची लेक मूठ चोखत होती. एकवीस वर्षे तीच मूठ. राजाच्या गालांवरून आसवे वाहिली. "सांग," तो म्हणाला.

शंख गाऊ लागला. पाणी निजले, वारा निजला, मिठाचा ढीग निजला. बांधावर चांदणी निजली आणि राणी थांबली. माना लवल्या, श्वास रोखले गेले. वेणुमती दुखऱ्या गुडघ्यांवर वाकली, तिने बाळाच्या कानाशी ओठ नेले आणि एकवीस वर्षे जपलेला शब्द म्हटला, "केतकी."

"आता तूही नीज गं," राणी म्हणाली. जणू तिलाही नाव ऐकू आले होते, इतकी ती ओळ आज त्या नावापाठोपाठ नेमकी आली.

गाण्याला माणसाचा शब्द लागला. ते आता न शिवलेले राहिले नाही, आणि शंखाला ते धरवेना. शंख आतून तडकला, त्याचे दोन तुकडे होऊन रांगोळीवर पडले.  मग केतकी रडली, आणि सकाळी ती बारा दिवसांची होती. शंखाबरोबर स्तंभनाथाची बाकीची बंधनेही सुटली. दूर डोंगरात धबधबे धो धो पडू लागले, आणि तो हत्ती सोंड खाली करून पाण्यावर गेला.

वेणुमतीचा कंठ मात्र गेला. बोली ती बोली.

बारसे झाले. ताज्या घुगऱ्या वाटल्या, बायकांनी बाळाला पाळण्याखालून वरून दिले-घेतले. मग सगळ्या थांबल्या. राणीचा पाळणा म्हणणार कोण? चाल सगळ्यांना पाठ, पण एकवीस वर्षांत कुणी एकदाही तोंडाने म्हटली नव्हती. वेणुमतीने भावाकडे पाहून भुवई उंचावली.

राजा भद्रसेन खाकरला. त्याचा आवाज घोगरा होता आणि सूर कच्चा होता. दुसऱ्या ओळीत तो चुकला, मीठ विसरला आणि तिथे भलतेच काही निजवले. मुख्य पंडिताने तोंड उघडले, पण साळुंकीने त्याच्याकडे असे पाहिले की त्याने ते मिटले. नावाच्या जागी राजा अडखळला. तेव्हा खिडकीतून हुबेहूब वेणुमतीच्या आवाजात हाक आली, "केतकी!"

पुढे साळुंकीच आत्याबाईंचा आवाज झाली. केतकी वाढली, दुडदुडू लागली, आत्याच्या पांढऱ्या वेणीला धरून उभी राहायला शिकली. दोन-अडीच वर्षांची झाली तेव्हा एका संध्याकाळी ती चिंध्यांच्या बाहुलीला मांडीवर घेऊन काही पुटपुटताना वेणुमतीला दिसली. चाल तीच होती. पाणी होते, वारा होता, आणि बांधावर, कुणास ठाऊक कुठून, हत्ती निजला होता.

मग ती थांबली, वाकली, आणि बाहुलीच्या कानात म्हणाली, "आत्या."

वेणुमतीला बोलता येत नव्हते. तिने भाचीला उचलून पोटाशी धरले.

माझ्या आजीच्या तोंडी या गोष्टीत साळुंकीऐवजी कावळा होता, आणि तिच्या आजीच्या तोंडी काय होते ते देव जाणे. तुम्ही सांगाल तेव्हा तुम्हाला रुचेल तो पक्षी घाला. ऐकणाऱ्या बाळाचे नाव घालायला तेवढी जागा ठेवा, म्हणजे आमची गोष्ट पोचली.