बिनपट्ट्याचा कुत्रा

कासारखोरीत सर्जेराव सरपंचांचा शब्द कोणी मोडत नसे. पिसाळलेलं कुत्रं चावून तातोबाची सहा वर्षांची लेक गेली, तेव्हा त्यांनी ग्रामसभा बोलावली आणि सांगून टाकलं, गावातली झाडून सगळी कुत्री घाटापलीकडे सोडून यायची.

हिना मुजावर उभी राहिली. गुरांच्या डॉक्टरकीला शिकणारी ही पोरगी एका संस्थेतर्फे गावात इंटर्नशिपला आली होती. महिनाभर गल्लोगल्ली फिरून ती कुत्र्यांना लस टोचत होती आणि खूण म्हणून त्यांच्या कपाळावर हिरवा पट्टा ओढत होती.

"पट्टेवाली नेलीत तर त्यांच्या जागी बाहेरची, बिनलशीची येतील," ती म्हणाली. "ज्याला पट्टा नाही, त्यालाच घालवा."

एवढीशी पोर, निम्मी कुत्री तरी राहिलीच असतील, असा सरपंचांनी हिशेब केला. "ग्रामसेवक, लिहा. बिनपट्ट्याचा कुत्रा आजच्या आज गावाबाहेर."

"कुणाचाही असला तरी?"

"ठराव माणूस बघून बदलत नाही, बाई."

हिनाने समोर बसलेल्या तातोबाकडे पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, "तर एकच उरलाय, सरपंच. तुमचा. मी तीनदा आले. गड्याने फाटकातूनच परतवून लावलं."

सर्जेराव उठून घरी गेले आणि साखळी धरून कुत्रा घेऊन आले. त्याचं तोंड त्यांनी स्वतः आवळून धरलं, हिनाने सुई टोचली.

रंगाचा डबा मात्र तातोबाने तिच्या हातून घेतला. पट्टा त्याने ओढला.