दोर वळणारी भिवरा आणि तारण ठेवलेले हात

एका राज्यात, ज्याचं नाव विचारून काही उपयोग नाही, मणिध्वज नावाचा राजा होता. राज्य तसं नांदतं होतं. नदीला बांध होता, बांधावर गवंडी होते, घाटावर नावाडी होते. राजवाड्याच्या मागे लांबच लांब दोरशाळा होती आणि तिथे चाळीस माणसं दोर वळीत. नावेचे दोर, विहिरीचे दोर, हत्तीच्या पायातले दोर, सगळे तिथलेच. प्रत्येक कामकऱ्याचं नाव राजाच्या हजेरीपटावर असे, आणि रोज सकाळी वेशीच्या कमानीवर बसून एक साळुंकी ती नावं पुकारी. साळुंकी माणसासारखी बोले. समोर जे लिहिलेलं असेल ते मोठ्याने वाचायचं एवढंच तिचं काम, आणि ते ती चोख करी.

पुढे राजाला हौस आली. शेजारच्या राजाने संगमरवरी महाल बांधला, म्हणून याला स्फटिकाचा हवा. बरं, हवा तर हवा. स्वतःच्या तिजोरीतून बांध की! पण नाही. तिजोरीला हात लावला तर प्रधानाचं इनाम आटणार, सरदारांच्या मेजवान्या आटणार. मग राजाने पूर्वेच्या डोंगरातल्या घोरपाश मांत्रिकाकडून हजार रांजण सोनं कर्जाऊ आणलं. महाल उभा राहिला. स्फटिकातून ऊन इतकं तापे, की राजा त्यात एक दिवसही राहिला नाही.

घोरपाशाने व्याज म्हणून सोनं मागितलं नाही. दर अमावास्येला हजेरीपटावरची शंभर नावं खोडून द्यायची, हे त्याचं व्याज. नाव खोडलं की त्या माणसाच्या हातातलं कसब निघून जाई आणि मांत्रिकाच्या भुयारात एक मोहोर होऊन पडे. त्याच मोहरा तो दुसऱ्या राजांना कर्जाऊ देई. आणि इकडे प्रधान दवंडी पिटवी, "राज्यावर कर्जाचं संकट आहे हो! सगळ्यांनी पोटाला चिमटा घ्यावा!" सगळ्यांनी म्हणे! प्रधानाचं पोट तर दर अमावास्येला थोडं पुढेच येत होतं.

दोरशाळेत भिवरा नावाची बाई होती. चाळिशीची, अंगाने काटक, जिभेने तिखट. तिचा नवरा हैबती बांधावरचा गवंडी. वीस वर्षं त्याने त्या बांधाचा एक दगड हलू दिला नव्हता. एका सकाळी साळुंकीने त्याचं नाव पुकारलंच नाही. हैबती घरी आला, हातातला ओळंबा उलटसुलट करून पाहू लागला आणि बायकोला म्हणाला, "हे काय आहे गं? कशाला लागतं?"

भिवराने ओळंबा त्याच्या हातातून घेतला, खुंटीला अडकवला आणि मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. त्या दिवसापासून हैबतीला साधी गाठ मारता येईना. भाकरीचा तुकडा मोडायचा तर तोही तिनेच मोडून द्यावा.

तीन आठवडे गेले. पुढच्या अमावास्येला आठ दिवस उरले असताना साळुंकी दोरशाळेच्या आढ्यावर येऊन बसली.

"भिवरा," ती म्हणाली, "यादी झाली आहे. या वेळी शंभरांत अख्खी दोरशाळा आहे. चाळीसच्या चाळीस."

भिवराने हातातला वाख, दोर वळायचे ते तंतू, खाली ठेवला आणि ती तशीच दरबारात गेली.

"महाराज, कर्ज कुणी काढलं?"

"राज्याने," राजा म्हणाला.

"राज्य म्हणजे कोण?"

"आपण सारेच."

"मग त्या महालात आम्हाला एकदा बसायला तरी बोलवायचं होतं! बांधताना तुम्ही, आणि फेडताना आपण सारे?"

"बाईला बाहेर न्या," प्रधान म्हणाला, आणि भालदारांनी तिला बाहेर नेलं.

भिवरा कमानीखाली येऊन बसली. रागाने तिचे कान लाल झाले होते. साळुंकी खाली उतरली.

"या कर्जाचं खत आहे. ताम्रपटावर कोरलेलं. त्यात काय लिहिलंय ते राजा, प्रधान आणि मांत्रिक या तिघांनाच ठाऊक."

"कुठे आहे?"

"घोरपाशाच्या भुयारात. तीन दालनं ओलांडून, शेवटच्या भिंतीला. सेनापती आणायला गेला, राजपंडित गेला, धाकटा राजपुत्रही गेला. भुयारातल्या सोन्यावर नजर पडली, की पाहणारा सोन्याचा होतो. तिघेही तिथेच उभे आहेत."

"आणि राखण?"

"सात फण्यांचा नाग. भर दुपारी तेवढा तो खडकावर ऊन खायला जातो. परत आला की उंबऱ्यावरच्या धुळीतली पावलं वाचतो. आत गेलेला माणूस बाहेर निघताना दिसला, की डसतो."

भिवराने बराच वेळ विचार केला. मग घरी जाऊन तिने चार भाकऱ्या थापल्या, हैबतीला शेजारणीच्या स्वाधीन केलं आणि वाखाचा मोठा भारा पाठीला बांधला. "मी तीन दिवसांच्या वाटेवर चालले आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "अमावास्येच्या आत येते. तोवर शेजारच्या अक्का भाकरी मोडून देतील, लाजू नका." हैबतीने मान हलवली.

आता दोर कसा वळतात, ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांना वेगळं सांगायला नको. दोराचं एक टोक खुंटाला बांधायचं, कमरेला वाख खोचायचा, आणि पीळ देत देत मागे मागे, उलट्या पावलांनी सरकायचं. नजर पिळावर. इकडे तिकडे पाहिलं की पीळ सैल पडतो. दोरशाळेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भिवरा पंचवीस वर्षं अशी उलटी चालली होती. मागे काय आहे ते बघायची तिला कधी गरजच वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती भुयाराशी पोचली. नाग खडकावर सुस्त पडला होता. तिने दारासमोरच्या बाभळीला दोराचं टोक बांधलं, भुयाराकडे पाठ केली आणि पीळ द्यायला सुरुवात केली. एक पाऊल मागे. दुसरं पाऊल मागे. उंबरा ओलांडला.

पहिल्या दालनात सोनं खळखळून हसलं. "भिवरा, वर बघ! एक मूठ घेतलीस तरी सात पिढ्या बसून खातील."

"माझ्या पिढीला बसवत नाही," भिवरा म्हणाली आणि मागे सरकली.

दुसऱ्या दालनात आवाज गोड झाला, अगदी प्रधानासारखा. "बाई, तुझं एकटीचं नाव हजेरीपटावर कायम ठेवू. खोडलं जाणार नाही, असं वचन. नुसती वळून हो म्हण."

इथे मात्र तिचा पीळ अडखळला. खोटं कशाला सांगायचं? चाळिसांतलं एक नाव वाचलं तर घरची चूल तरी पेटती राहील, हा विचार तिच्या मनात आला. मग तिला दोरशाळेतली बाकीची एकोणचाळीस तोंडं आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली.

"एकीला वाचवून बाकीच्यांनी गप्प बसावं म्हणून तुम्ही हे वचन देता," ती म्हणाली. "तुमची चाल आता कळली मला." आणि ती मागे सरकली.

तिसऱ्या दालनात बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पायाशी एक मोहोर घरंगळत आली, आणि तिच्यातून हैबतीच्या आवाजात शब्द आले. "भिवरा, मी आहे गं. माझे हात. नुसती खाली वाक आणि उचल मला. घरी ने."

भिवराचे डोळे भरून आले, पीळ दिसेना. पण बोटांना सवय होती, ती वळतच राहिली. आजूबाजूला आणखी मोहरा कुजबुजू लागल्या. कुणी लोहार, कुणी नावाडी, कुणी सुईण. सुईणसुद्धा! त्या मेल्या महालासाठी सुईणीचेही हात नेले होते यांनी!

"अहो, ऐका," ती हुंदका गिळून म्हणाली, "तुम्हाला एकट्याला उचललं, तर बाकीच्यांना इथे टाकून जावं लागेल. मी सगळ्यांना न्यायला आले आहे. थोडी कळ सोसा."

मोहोर बाजूला घरंगळली. भिवराची पाठ भिंतीला लागली. तिने मागे हात नेऊन भिंत चाचपली. गार तांबं हाताला लागलं. ताम्रपट काढून तिने कमरेला खोचला, आणि वळलेला दोर गुंडाळत, पिळावरची नजर न हलवता, सरळ पावलांनी बाहेरच्या दिशेने निघाली.

उंबऱ्यावर नाग फणा काढून बसला होता.

"कोण तू?"

"दोर वळणारी."

"आत कधी गेलीस?"

"पावलं बघ."

नागाने सातही फणे धुळीवर टेकवले. एक ओळ बाहेर जाणाऱ्या पावलांची, आणि आता दुसरी ओळ, तीही बाहेरच निघालेली. आत जाणारं पाऊल एकही नाही.

"आत कुणी गेलेलंच नाही," नाग म्हणाला, "आणि आत न गेलेल्या माणसाला बाहेर पडता येत नाही. याचा अर्थ, तू इथे नाहीस."

"तुमच्या हिशेबी आम्ही कधी असतो का नागराज?" भिवरा म्हणाली आणि त्याच्या वेटोळ्याला वळसा घालून वाटेला लागली.

अमावास्येच्या दिवशी दुपारी दरबार भरला. घोरपाश राजाच्या शेजारी, राजापेक्षा उंच आसनावर बसला होता. बाहेरच्या चौकात दोरशाळेची एकोणचाळीस माणसं उभी होती आणि त्यांच्यामागे आधी नावं गेलेली शेकडो माणसं. लेखनिकाने लेखणी शाईत बुडवली, तेवढ्यात धुळीने माखलेली भिवरा गर्दीतून पुढे आली आणि तिने ताम्रपट नावं पुकारायला आलेल्या साळुंकीसमोर ठेवला.

"वाच!"

"थांबा!" प्रधान ओरडला. "हे राज्याचं गुपित आहे. सामान्यांच्या कानी पडायचं नाही!"

"वाचू नकोस," राजा म्हणाला.

"समोर लिहिलेलं असेल ते वाचायचं, ही आपलीच आज्ञा आहे महाराज," साळुंकी म्हणाली आणि खणखणीत आवाजात वाचू लागली.

"कर्ज घेणार, राजा मणिध्वज. कारण, स्वतःसाठी महाल. तारण, राजाचे स्वतःचे दोन हात. राजाची इच्छा नसेल, तर आपल्या हातांच्या ऐवजी त्याने प्रजेचे हात द्यावेत. ही अदलाबदल, ज्यांचे हात दिले त्यांना हे खत ठाऊक नाही, तोवरच चालेल."

मग गर्दीतून एक म्हातारा नावाडी म्हणाला, "म्हणजे संकट राज्यावर नव्हतंच. याच्या एकट्याच्या हातांवर होतं."

"आता आम्हा सगळ्यांना ठाऊक झालं," भिवरा म्हणाली.

त्याच क्षणी पूर्वेकडून मोहरांचा थवा पाखरांसारखा आला आणि ज्याची मोहोर त्याच्या तळहातात विरघळली. सोन्याचे झालेले तिघेही डोंगरात पुन्हा माणसं झाले. गर्दीतला हैबती स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिला, मग बांधाच्या दिशेने धावत सुटला. महिनाभर दगड कुणी पाहिले नव्हते, आणि त्याच्या जिवाला काळजी लागली होती. घोरपाशाचे रांजण रिते झाले, आणि त्याच्याबरोबर तोही आसनावरून आकसत आकसत नाहीसा झाला. स्वतःचं असं त्याच्याजवळ एक कवडी कधीच नव्हती. जे होतं ते दुसऱ्यांच्या हातचं. प्रधान मागच्या दाराने पळाला, त्याला नावाड्यांनी घाटावर धरला.

आणि राजाच्या हातातून राजदंड गळून पडला. त्याने तो उचलायला बोटं पुढे केली, पण उचलतात कसं, तेच त्याला आठवेना. तारण आता मूळ जागी, त्याच्याच हातांवर, येऊन पडलं होतं.

पुढे सगळं रीतसर झालं. महालाचे स्फटिक विकून सुईणींना, नावाड्यांना, गवंड्यांना बुडालेला पगार मिळाला. कामकऱ्याला चौकात उभं करून, कारण सांगून, त्याचं ऐकून घेतल्याशिवाय हजेरीपटावरचं एकही नाव खोडायचं नाही, असा कायदा झाला. मणिध्वज गादीवर राहिला. पण हातांना कसब नसलेल्या राजाला राजमुद्रासुद्धा उठवता येत नव्हती, आणि गेलेलं कसब परत आणायचा एकच मार्ग होता: पहिल्यापासून शिकायचं. रोज सकाळी तो दोरशाळेत भिवराजवळ येऊन बसू लागला.

पहिल्या दिवशी त्याने वीतभर दोर वळला. दोर हातातून सुटला आणि वाखाचा झुपका झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे पाण्याने भरले.

"बाई, हे यायला किती दिवस लागतात?"

"सात वर्षं."

"सात वर्षं!" राजा दचकला. मग खालच्या आवाजात, इकडे तिकडे बघत, त्याने विचारलं, "आणि तोवर... मला काढून टाकाल का?"

भिवराने त्याच्याकडे पाहिलं. एक शब्द तिच्या ओठावर आला होता, चांगला झोंबणारा. तो तिने गिळला, राजाच्या बोटांत नवा वाख दिला आणि त्याची मूठ आपल्या मुठीत धरून पीळ कसा द्यायचा ते दाखवलं.

"नाही महाराज," ती म्हणाली. "हात शिकत असताना आम्ही कुणालाही काढत नाही."