साळिंदरापुढचं उंबर

फार पूर्वी एका रानात पंचांना गुण द्यायची रीत होती. ज्या पंचानं पाखरांचा धंदा जगवला, त्याच्यापुढं त्यांनी फळ ठेवायचं. त्या साली पंचांनी वठलेली सावर पाडायचं ठरवलं. तिच्यात ढोल्या कोरून देणाऱ्या सुतारपक्ष्याचा धंदाच बुडणार होता. पंचांपैकी एकटं साळिंदर ‘नाही’ म्हणालं आणि काटे फुलवून बुंध्याशी बसलं, म्हणून झाड वाचलं.

तरी गुणांच्या दिवशी सगळी फळं दुसऱ्या पंचापुढं, म्हाताऱ्या अस्वलापुढं!

“रोजगारावर भाषणं कोण देतं? ठेव इकडं, पोरा,” अस्वल सुतारपक्ष्याला म्हणालं.

“आजोबा, तुमच्या भाषणात ढोली कोरता येत नाही. झाड पाडायला हात तर तुम्हीही वर केलात.” सुतारपक्ष्यानं पिकलं उंबर साळिंदरापुढं ठेवलं. “काका, तुमच्यामुळं माझी चोच चालतेय.”

“अरे, मी नुसता बसलो होतो.”

“तेवढं तरी कोण बसलं?”

सावरीच्या ढोलीत राहणाऱ्या पोपटानं मान खाली घातली आणि अस्वलापुढचं आपलं जांभूळ उचललं.